बेतानं बिघडवलेला स्फटिक

संस्थेच्या तळमजल्यावर जिन्याला वळसा घालून आत गेलं की एक खोली लागते. तिच्या दाराशी बाहेरचे जोडे काढून आतल्या सपाता घालाव्या लागतात, आणि या नियमातून संचालकांचीही सुटका नाही. एकदा ते घाईत तसेच आत शिरले, तर भट्टीमागून आवाज आला, ‘‘साहेब, धूळ हुद्दा ओळखत नाही.’’ संचालक मुकाट्यानं मागे फिरले. तो आवाज भट्टीताईंचा.

ताईंचं काम स्फटिक वाढवण्याचं. ‘तयार करणं’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. ‘‘तयार करायला तो काय टेबलखुर्ची आहे? तो आपला आपण वाढतो. आपण फक्त त्याच्या आड यायचं नाही,’’ असं त्या म्हणत. आता हे आड न येणं म्हणजे केवढा खटाटोप! नायोबियम आणि सेलेनियमची पूड क्वार्ट्झच्या नळीत भरायची, चिमूटभर आयोडीन घालायचं, पंपानं आतली हवा ओढून काढायची, ज्योतीवर नळीचं तोंड वितळवून बंद करायचं, आणि ती नळी लांबट भट्टीत आडवी निजवायची. भट्टीचं एक टोक जास्त तापलेलं, दुसरं जरा कमी. मग काही आठवडे हाताची घडी घालून बसायचं. आयोडीन गरम टोकाकडचा माल वाफेच्या रूपात उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवतं, आणि तिथे काळसर, चकचकीत, कागदासारखे पातळ पापुद्रे धरू लागतात. नखाएवढा पापुद्रा निघाला तरी गंगेत घोडं न्हालं. पुढे वरच्या मजल्यावरची मंडळी तो भयंकर गार करतात, आणि तो अतिसंवाहक होतो. म्हणजे त्यातून वीज अशी वाहते की वाटेत तिला कुणी अडवणाराच नाही.

ताई या कामात आल्या त्या अगदी आडवाटेनं. पूर्वी त्या औषधांच्या कारखान्यात इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या ज्योतीवर बंद करायच्या. एक दिवस एक उंच, हडकुळा माणूस कारखान्यात आला, त्यांच्या मागे खुर्ची घेऊन बसला आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत नुसता बघत राहिला. ताईंना वाटलं तपासनीस असेल. सुट्टीत तो म्हणाला, ‘‘तुझा हात थांबतो कधी ते मी बघत होतो. थांबत नाही. क्वार्ट्झ बंद करशील? काचेपेक्षा हट्टी असतं.’’ ते मास्तर. संस्थेतले स्फटिक तेव्हा ते वाढवत. पुढची कितीतरी वर्षं ताईंनी त्यांच्या हाताखाली काम केलं आणि ऊठसूट बोलणी खाल्ली. नळीवर बोटाचा ठसा दिसला की मास्तर ती नळी जमिनीवर आपटून फोडत. ‘‘कचरा आत घातलास की कचराच बाहेर येणार,’’ एवढं एकच वाक्य त्यांनी किती वेळा ऐकवलं याचा हिशेब नाही. ते निवृत्त झाले, भट्ट्या ताईंकडे आल्या, आणि बघता बघता ताईंचे स्फटिक मास्तरांच्याहून निर्मळ निघू लागले. ताईंना ते ठाऊक होतं. मास्तरांनाही होतं. दोघंही त्या विषयावर बोलत नसत.

अशातच वरच्या मजल्यावर एक नवी शास्त्रज्ञ आली. वय तिशीच्या आत-बाहेर, चालणं पळत, बोलणं त्याहून पळत. अतिसंवाहकातल्या भोवऱ्यांवर तिचं काम, आणि स्वतः तर एका जागी ठरत नसे. तेव्हा आठवड्याभरात तिचं नाव ‘भोवरा’ पडलं आणि तिनंही ते आनंदानं लावून घेतलं. ती एका सकाळी सपाता घालून ताईंसमोर उभी राहिली. चेहरा पडलेला.

‘‘ताई, तुम्ही दिलेला स्फटिक फारच चांगला आहे हो.’’

‘‘मग रडतेस कशाला?’’

‘‘तीच तर अडचण आहे. मला जरा बिघडवून द्याल?’’

ताईंनी हातातला चिमटा खाली ठेवला. ‘‘परत बोल.’’

भोवऱ्यानं स्टूल ओढलं आणि टिश्यू पेपरवर पेनानं टिंबं काढायला लागली. ‘‘हे बघा. स्फटिक गार केला आणि चुंबकाजवळ नेला, की चुंबकाचं क्षेत्र त्याच्यात घुसायला बघतं. अतिसंवाहकाला ते नको असतं. मग तडजोड होते. क्षेत्र आत येतं, पण एकेका बारीक धाग्यानं. त्या धाग्याभोवती वीज गोल गोल फिरत राहते. तो एक भोवरा. चुंबकाचा जोर वाढवला की भोवरे वाढतात. आणि गंमत म्हणजे त्यांना एकमेकांची जवळीक अजिबात सोसत नाही. सगळे सगळ्यांना ढकलतात, आणि ढकलता ढकलता सुंदर रांगा लागतात. प्रत्येकाला बरोबर सहा शेजारी.’’

‘‘भांडकुदळ आहेत, पण शिस्तीत राहतात म्हणायचे.’’

‘‘हो! आणि ती शिस्त मोडते कशी, एवढंच मला बघायचंय. चुंबक फार वाढवला की जाळं ढिलं पडतं आणि रांगा मोडतात. पण तुमच्या स्फटिकात त्या अगदी शेवटाला मोडतात, आणि एका झटक्यात. मी डोळे उघडेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. आत थोडी खोट असली तर भोवरे तिच्यापाशी अडखळतील. रांगा लवकर मोडायला लागतील आणि सावकाश मोडतील. मग मला पायरीपायरीनं बघता येईल.’’

‘‘खोट कसली?’’

‘‘कोबाल्ट. शंभरात एक कणसुद्धा नको, त्याहून कमीच.’’

ताईंनी टिंबांचा कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाल्या, ‘‘अख्खा जन्म दुधात मिठाचा खडा पडू नये म्हणून राखण केली, आणि तू म्हणतेस तोच मोजून घाल. विचार करून सांगते.’’ हा त्यांचा नकार होता हे संस्थेत सगळ्यांना कळत असे. भोवऱ्याला कळलं नाही. ती ‘थँक्यू’ म्हणून पळाली.

घरी ताईंनी नवऱ्यापुढे सगळा राग ओकला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर विहिरीसारख्या उभ्या पोकळीत लोंबकळून आलेला माणूस, संध्याकाळी त्याला शांतता हवी असे. भाजी चिरता चिरता त्यानं सगळं ऐकून घेतलं.

‘‘अहो, काही बोलाल की नाही?’’

‘‘लिफ्टच्या ब्रेकला मी खरखरीत पट्ट्या लावतो,’’ तो म्हणाला. ‘‘गुळगुळीत लावल्या तर दिसतील छान. माणसंही तळमजल्यावर पोचतील. फक्त जरा लवकर पोचतील.’’

ताईंना हसू आलं, आणि हसू आल्याचा आणखी राग आला. पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी भोवऱ्याला बोलावून विचारलं, ‘‘ते भोवरे खोटेपाशी अडखळतात त्याचा कुणाला उपयोग आहे, की नुसती तुझी हौस?’’

‘‘उपयोग तर आहेच. भोवरे हलले की विजेला अडथळा होतो. ते जागच्या जागी धरून ठेवायला खोटच लागते. दवाखान्यात ज्या यंत्राच्या बोगद्यात माणसाला निजवून पोटाचे फोटो काढतात ना, त्याच्या चुंबकाची तार अगदी निर्मळ असती तर ते यंत्र चाललंच नसतं.’’

‘‘हे आधी सांगायला काय झालं होतं?’’

‘‘खरं सांगू? मला हौसच जास्त आहे.’’

हे उत्तर ताईंना आवडलं. त्यांनी कोबाल्टची बाटली मागवली, आणि ती उघडताना त्यांच्या अंगावर असा काटा आला जसा पांढऱ्याशुभ्र चादरीवर शाईची दौत धरली की येतो.

पहिली खेप फसली. स्फटिक दिसायला देखणे, पण भोवऱ्यानं ते बारीक सुई फिरवून चित्र काढणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर रांगा पहिल्यापासूनच विस्कटलेल्या. ‘‘बाजार उठल्यासारखं दिसतंय,’’ ती म्हणाली. ‘‘जे मोडलेलंच आहे ते मोडताना कसं बघू?’’ ताईंनी कोबाल्ट कमी केलं. दुसऱ्या खेपेला नवंच त्रांगडं झालं. एकाच नळीतले दोन पापुद्रे, पण एक अगदी निर्मळ असल्यासारखा वागे आणि दुसरा पुरता बिघडलेला. कोबाल्ट मिसळलं होतं, पण भांडण झालेल्या घरासारखं. कुठे गर्दी, कुठे शुकशुकाट.

ताई त्या दिवशी भट्टीसमोर बराच वेळ बसून राहिल्या. स्वच्छ कसं करायचं ते त्यांच्या हाताला ठाऊक होतं. झोपेतही जमलं असतं. पण सगळीकडे सारखी, बेताची, मोजकी खोट घालणं त्यांना येत नव्हतं. बिघडवणं सोपं असतं असं त्या समजून चालल्या होत्या. इतक्या वर्षांनी आपल्याला न येणारी गोष्ट आपल्याच खोलीत सापडावी, याचा आधी त्यांना धक्का बसला आणि मग, खोटं कशाला बोला, एक प्रकारची खुशीच झाली. आता भोवऱ्यासाठी म्हणून नाही, स्वतःसाठी म्हणून त्यांना ते जमवायचं होतं.

एक गोष्ट मात्र जिवाला खात होती. मास्तर.

मास्तर दोन गल्ल्या टाकून राहायचे. ताई रविवारी त्यांच्याकडे चहाला जात. घरातसुद्धा मास्तरांचा खाक्या तोच. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, धुतलेला पेला ते उजेडाकडे धरून बघत आणि परत धूत. ‘‘लग्नात आलेली कोरी भांडीसुद्धा यांनी पुन्हा घासली होती,’’ काकू सांगत, ‘‘मला नाही घासलं एवढंच नशीब.’’ त्या रविवारी चहा ओतला जात असतानाच ताईंनी एका दमात सांगून टाकलं. कोबाल्ट, खोट, बिघडवणं, सगळं.

मास्तरांनी कप खाली ठेवला. ‘‘मी तुला हे शिकवलं?’’

‘‘नाही, मास्तर.’’

‘‘मग आयुष्यभर मी काय झक मारली?’’ ते उठले, गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालू लागले. सकाळीच पाणी घातलेल्या कुंड्या. खालून पाणी वाहून गॅलरीत तळं झालं.

काकू हळूच म्हणाल्या, ‘‘जा तू. झाडं बुडाली की येतील आत.’’

ताईंना त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. पण बुधवारी दुपारी भट्टीच्या खोलीतला फोन वाजला.

‘‘कोबाल्ट पूड म्हणून घालतेस की तुकडा म्हणून?’’ हॅलो नाही, काही नाही.

‘‘पूड, मास्तर.’’

‘‘मी विचारलं म्हणून गैरसमज नको. मला हे पटलेलं नाही.’’ फोन बंद.

गुरुवारी पुन्हा फोन. ‘‘भट्टीच्या दोन टोकांत फरक किती ठेवतेस? फार ठेवतेस. कमी कर. सावकाश वाढू दे म्हणजे सारखं मिसळेल. आणि मला हे पटलेलं नाही.’’

ताईंनी फरक कमी केला. कित्येक आठवडे भट्टी जळली. नळी फोडली तर आत चकचकीत पापुद्र्यांच्या जागी बारीक भुगा. रविवारी ताई चहाला गेल्या.

‘‘मास्तर, तुमच्या युक्तीनं कोंडा निघाला.’’

‘‘कोंडा?’’

‘‘कोंडा.’’

काकू तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले, मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. ताई घाबरल्या. पण म्हातारा हसत होता. त्यांना हसताना ताईंनी इतक्या वर्षांत क्वचितच पाहिलं होतं. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, ‘‘मला एवढंच सांग. त्या पोरीला घाणच हवी तर बाजारातला भरड माल का नाही घेत? त्यात आयती खोट असते.’’

‘‘मीही तेच विचारलं तिला. ती म्हणाली, त्यात दहा तऱ्हेची खोट असते. कुणामुळे काय झालं ते कळणार कसं? आधी सगळं निर्मळ हवं, मगच एका खोटेचं काम एकटं दिसतं.’’

मास्तरांनी चहा संपवून विषय बदलला. पण सोमवारी सकाळी संस्थेच्या दारावर रखवालदार ताईंना म्हणाला, ‘‘तुमचे मास्तर आत गेलेत. सपाता मागत होते.’’

पुढची युक्ती ताईंची. कोबाल्ट एकदम स्फटिकाच्या नळीत घालायचंच नाही. आधी सगळी पूड कोबाल्टसकट खलात घोटायची, नळीत बंद करून तापवायची, नळी फोडायची, परत घोटायची, परत तापवायची. मिश्रण अगदी एकजीव होईपर्यंत हेच करत राहायचं, आणि मगच ते स्फटिक वाढवायला भट्टीत ठेवायचं. यात मोठी मेख होती. जितक्या वेळा नळी फोडाल तितक्या वेळा नको ती धूळ, नको तो ओलावा आत शिरायची संधी. मास्तरांचा हात आता थरथरायचा, तेव्हा ज्योतीपाशी ताईंनी त्यांना येऊ दिलं नाही. ते कोपऱ्यात स्टुलावर बसून नळ्या पुसत, उजेडाकडे धरत, नापसंत पडली की बाजूला ठेवत. आता आपटून फोडत नव्हते.

‘‘घोट अजून,’’ ते बसल्या जागेवरून म्हणत.

‘‘हात गळून पडला, मास्तर.’’

‘‘पडला तर उचलून घोट.’’

त्या नळीतून पापुद्रे निघाले ते काळेभोर, आरशासारखे. ताईंनी दोन्ही टोकांकडचे नि मधले असे वेगवेगळे तुकडे भोवऱ्याकडे पाठवले. निरोपाऐवजी ती स्वतःच जिना उतरत आली, सपाता घालायचं विसरली, आणि ताई ओरडल्याही नाहीत.

‘‘सगळे सारखे आहेत! सगळे, ताई! तिन्ही तुकड्यांची अतिसंवाहकता एकाच अंशावर सुरू होते. उद्या वर या. दोघंही या.’’

इतकी वर्षं स्फटिक वाढवले, पण वरच्या खोलीत त्यांचं काय होतं ते ताईंनी कधी बघितलं नव्हतं. मास्तरांनीही नाही. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं असं नाही. भट्टी सोडून जायला फुरसत कुणाला होती? दुसऱ्या दिवशी दोघं जरा बरे कपडे घालून वर गेले. सूक्ष्मदर्शक जाड भिंतींच्या खोलीत टांगलेला होता, हादरा बसू नये म्हणून. बाहेरच्या खोलीत पडदा. आत सुई स्फटिकावरून एकेक ओळ फिरत होती आणि पडद्यावर चित्र वरून खाली सावकाश उमटत होतं. एक चित्र पुरं व्हायला चहाचे दोन कप लागत. आधीच्या दिवसांची चित्रं भोवऱ्यानं काढून ठेवली होती. ती तिनं ओळीनं दाखवली.

पहिल्यात काळे ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक भोवरा, काठोकाठ शिस्तीत. ताईंनी पडद्याला बोट न लावता एका ठिपक्याचे शेजारी मोजले. सहा. दुसऱ्याचे मोजले. सहा.

‘‘आता चुंबक वाढवला,’’ भोवरा म्हणाली. या चित्रात संगणकानं काही ठिपक्यांना रंग दिला होता. लाल ठिपक्याला पाचच शेजारी, आणि त्याला चिकटून असलेल्या निळ्याला सात. ‘‘खोटेपाशी एखादी रांग मध्येच तुटते. तुटल्या टोकाशी ही जोडी बसते. रांगा सरकल्या, अंतरं चुकली. पण दिशा बघा. रांगांचा कल अजून सगळीकडे एकच आहे. मोडण्याची ही पहिली पायरी.’’

‘‘आणि दुसरी?’’

तिसऱ्या चित्रात जोड्या फुटल्या होत्या. पाचवाले एकटे, सातवाले एकटे, आणि कुठली रांग कुणीकडे चालली आहे ते सांगायची सोय नाही. तरी ठिपके दिसत होते, म्हणजे अतिसंवाहकता संपली नव्हती.

‘‘दोन पायऱ्या,’’ भोवरा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच सावकाश झाला होता. ‘‘आधी जागा चुकतात, मग दिशा चुकते. निर्मळ स्फटिकात या दोन्ही एकमेकींवर चढलेल्या होत्या. तुमच्यामुळे मला त्या सुट्ट्या मिळाल्या.’’

मास्तर चष्मा पुसून पडद्याजवळ गेले आणि एका लाल ठिपक्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘हा पाचवाला माझ्यासारखा दिसतोय. माणसं जास्त सोसत नाहीत.’’

‘‘आणि सातवाल्या काकू,’’ ताई म्हणाल्या. ‘‘सगळ्या गल्लीला घरात घेतलेल्या.’’

मग ते दोघं नवं चित्र उमटेपर्यंत तिथेच बसून राहिले. चित्र अर्ध्यावर आलं तेव्हा ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःख नव्हतं, काही नव्हतं. आपल्या भट्टीत वाढलेल्या वस्तूच्या आत एवढं सगळं चालतं, आणि ते आपण बघतो आहोत, एवढंच. मास्तरांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून विचारलं, ‘‘चहा आहे का अजून?’’

त्यानंतर ताईंच्या कपाटात दोन खण झाले. एका खणात निर्मळ स्फटिक, दुसऱ्यात बेतानं बिघडवलेले. दुसऱ्या खणाला मागणी इतकी वाढली की इतर संस्थांतूनही विचारणा येऊ लागली. कुणाला कोबाल्ट हवं, कुणाला लोखंड. मास्तर आठवड्यातून दोनदा येतात. नळ्या पुसतात, घोटायला सांगतात, आणि कुणी विचारलं तर अजूनही म्हणतात की त्यांना हे पटलेलं नाही.

मागच्या महिन्यात ताई आणि त्यांचा नवरा चार दिवस तलावाकाठी राहायला गेले. लग्नानंतर इतकी मोठी रजा ताईंनी घेतली नव्हती. चालू भट्टी सोडायची कुणाच्या भरवशावर? या वेळी मास्तर म्हणाले, ‘‘जा. मी बसतो.’’ पहिल्या दिवशी त्यांचा फोन आला, भट्टी ठीक आहे. दुपारी आला, भट्टी अजून ठीक आहे. दुसऱ्या दिवशी ताई होडीत पाय ठेवत असताना आला.

‘‘मास्तर, आता काय झालं?’’

‘‘काही नाही. तुझ्या त्या भोवऱ्याला सपाता घालायला लावल्या. दोन डाव्याच घालून आली होती.’’

ताईंनी फोन पिशवीत टाकला. नवऱ्यानं वल्हं हातात दिलं. त्यांनी ते उलटं धरलं, होडी जागच्या जागी गोल फिरली, आणि काठावरची माणसं बघत असूनही दोघं पोट धरून हसले.